काकूंच्या तोंडी घातलेलं वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे बसते ती दिवा लावण्यापुरती, तेवढ्यात एवढं कुठे सांगून होतं? आता तुम्हाला सांगतेय ते तुम्ही फार जवळचे म्हणून नव्हे. खरं सांगू? तुमचा मला रागच आहे. का, ते पुढे कळेल.

तुमच्यापैकी काहींनी माझी कादंबरी वाचली असेल — 'आत गेलेली मुलगी'. नसेल वाचली तरी काही बिघडत नाही. एक जुनी प्रेमकथा आहे, दुसऱ्याच लेखकाची, आपल्या आया-मावश्यांनी उशीखाली ठेवून वाचलेली. नायक नायिकेच्या प्रेमात बुडालेला, पण आईच्या हट्टापायी तो एकदा दुसरीच एक मुलगी बघायला जातो. ती मुलगी पोह्यांची बशी त्याच्यापुढे ठेवते आणि आत जाते. तो मान वर करून बघतसुद्धा नाही. पुढच्याच परिच्छेदात नकार कळवून झालेला असतो. दीड पानात आटपली बिचारी. तिला लेखकानं नावसुद्धा दिलेलं नाही.

मी तिला नाव दिलं. कुमुद. आत गेल्यावर तिचं पुढे काय झालं, ते मी लिहिलं. तुम्ही ते डोक्यावर घेतलंत. ठाण्यात सत्कार, डोंबिवलीत सत्कार, कल्याणला महिला मंडळात शाल आणि नारळ. शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं तेव्हा कुणी विचारलं नाही आणि आता म्हणे मी दुर्लक्षितांचा आवाज! एक बाई तर माझे हात हातात घेऊन रडली. म्हणाली, "ताई, किती माया आहे हो तुमच्या मनात!"

माया! माझ्या मनात! मी तिथेच मोठ्यानं हसायला हवं होतं.

कुमुद म्हणजे नंदा. आणि नंदा मला कधीही आवडली नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

आम्ही डोंबिवली पूर्वेला एकाच बिल्डिंगमध्ये वाढलो. तीन मजली, पुढे लांब सामायिक गॅलरी. तिचे आईवडील लहानपणीच गेले. तिला काका-काकूंनी वाढवलं. मालतीकाकू. सगळी गॅलरी त्यांना टरकून असायची. जिभेला धार, कुणाचं उष्टं राहिलेलं खपायचं नाही, नंदाला तर शाळेत असल्यापासून पहाटे उठवून कामाला लावायच्या. काकूंना स्वतःचं मूल नव्हतं. लोक म्हणायचे, म्हणूनच बाई अशी कडक. लोकांचं काय, त्यांना म्हणायला काहीतरी लागतं. मीही त्यातलीच.

मी नंदापेक्षा वर्षानं मोठी. रंग सावळा, चष्मा जाड, आणि तोंड असं की बघायला आलेल्या मुलाची आई पोहे संपायच्या आत उठायची. माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला नंदा मदतीला यायची. साडीच्या निऱ्या तीच घालायची, गजरा तीच माळायची. नकार आला की सगळ्यात आधी धावत तीच यायची — "जाऊ दे गं शैला, त्यांचंच नशीब फुटकं." मनापासून म्हणायची हो. तेच तर डोक्यात जायचं. तिनं एकदा तरी नाक मुरडलं असतं, एकदा तरी मनातल्या मनात खूश झालेली दिसली असती, तर मला जरा बरं वाटलं असतं. पण ती खरोखरच चांगली होती. चांगल्या माणसाचा किती राग येऊ शकतो, ते तुम्हाला माहीत आहे का? असेलच. सांगत नाही एवढंच.

मग तिला स्थळ आलं. पहिलंच. ठाण्याचा मुलगा, नौपाड्यात स्वतःची जागा, कंपनीत इंजिनीयर. पत्रिका जुळलेली. बघितलं आणि लगेच पसंती. नंदा पेढे घेऊन आमच्या घरी आली. लाल झाली होती अगदी. माझ्या आईला वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आता शैलाची काळजी करू नका हां मावशी. मी एकदा सासरी गेले ना, की तिच्यासाठी मीच बघते कुणीतरी."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी पेढा तोंडात टाकला. तो मला अजून गिळता आलेला नाही, असं म्हणणार होते — पण खोटं कशाला बोलू, गिळला, आणि दुसराही घेतला.

त्यानंतर काही दिवसांतली गोष्ट. दुपारची वेळ, मी गॅलरीत तांदूळ निवडत बसले होते. घरोघरची माणसं वामकुक्षी करत होती. एक जोडपं जिना चढून आलं. बाई ठसठशीत, नऊवारीतली. तिचे यजमान मागे घाम पुसत. "इथे कुठे भाड्यानं खोली मिळेल का हो?" म्हणून विचारलं. मी लगेच ओळखलं. आमच्याकडे मुलीची चौकशी अशीच करतात. बोलणी व्हायच्या आधी मुलाकडचं कुणीतरी असंच काहीतरी निमित्त काढून येतं. वाण्याला विचारतं, शेजाऱ्यांना विचारतं. मुलगी कशी आहे, घरचे कसे आहेत, काही भानगड नाही ना. मुलीच्या घरचे काय, चांगलंच सांगणार. शेजारी खरं सांगतात असा समज आहे आपल्याकडे. कुठून आला असेल हा समज?

ती मुलाची मावशी होती. दोन वाक्यांत खोलीचा विषय संपला आणि नंदाचा निघाला. "तुमच्याच वयाची ना? तुम्ही तर अगदी जवळच्या मैत्रिणी असाल."

मी म्हटलं, हो, लहानपणापासूनच्या.

"मग कशी आहे हो मुलगी?"

आता ऐका. मी काय बोलले ते जसंच्या तसं सांगते.

"मुलगी लाखात एक आहे हो. पण — जाऊ दे, मी कशाला बोलू?"

बस. एवढंच. आणि मी मान खाली घालून तांदळातला खडा शोधायला लागले. मावशींनी यजमानांकडे बघितलं. म्हणाल्या, "बोला ना, आपल्यातच राहील." मी नुसती मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं. मी उठून आत गेले आणि दोघांना पाणी आणून दिलं. दोन्ही पेले ट्रेवर ठेवून, रीतसर.

त्या 'पण'पुढे काय होतं? काही नव्हतं. नंदाला ना कसला आजार, ना कुणाशी काही. वाईट असं काही तिच्यात शोधून सापडलं नसतं, मी इतकी वर्षं शोधत होते ना. खोटं बोलायलासुद्धा धाडस लागतं, ते माझ्यात नव्हतं. म्हणून मी जागा नुसती रिकामी ठेवली. मावशींनी त्यात काय भरलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला बजावत आले — मी काहीही बोललेले नाही. बोलले का? सांगा ना.

ठाण्याहून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. आधी जुळलेली पत्रिका बिघडली कशी? काकांनी मध्यस्थाला खोदून खोदून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, तुमच्याच अगदी जवळचं कुणीतरी बोललंय. 'लाखात एक आहे पण जाऊ दे, मी कशाला बोलू' असं म्हणालं म्हणे. नाव मात्र मावशींनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. दिलेला शब्द पाळणारी बाई! अशी माणसंही असतात.

नंदा माझ्या गळ्यात पडून रडली. "कोण गं असेल शैला? कुणाचं मी काय वाईट केलं?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आईनं फिरवला होता तसाच. म्हटलं, "असतात गं अशी माणसं."

एकाच जातीतली माणसं, एकाच वधूवर मंडळात खेटे घालणारी. शब्द फिरला. पुढच्या स्थळानं ठाण्यात विचारलं, त्याच्या पुढच्यानं त्याला विचारलं. तिथे काहीतरी पाणी मुरतंय, एवढं सगळ्यांना कळलं. काय, ते कुणालाच कळलं नाही. माझं दरम्यान जमलं. नंदानं माझ्या निऱ्या घातल्या.

आणि मालतीकाकूंनी भात सोडला. नंदाचं लग्न ठरेपर्यंत भात खाणार नाही, असा नवस बोलल्या. कोकणातली बाई हो ती, भाताशिवाय जेवण म्हणजे जेवणच नव्हे. सणाला पानात वरणभात वाढला जायचा आणि काकू भाकरी कुसकरून खायच्या. नंदालाही कारण सांगितलं नव्हतं, भातानं पित्त होतं म्हणायच्या. मला माहीत होतं, कारण माझ्या आईला त्यांनी सांगितलं होतं. किती वर्षं चाललं ते मोजलं नाही, पण माझा मुलगा शाळेत जायला लागला तोवर चाललं. शेवटी खडवलीच्या एका बिजवराशी नंदाचं जमलं. पदरात दोन मुलं, किराणा दुकान. लग्नाच्या पंगतीत काकूंनी पहिला घास भाताचा घेतला. मी समोरच्याच पानावर बसले होते.

नंदाचा नवरा चांगला निघाला. मुलांनी तिला आई म्हटलं. खडवलीला घरामागे भाजी लावली, दर पंधरवड्याला पिशवी भरून काकूंकडे यायची, माझ्याकडेही यायची. म्हणजे झालं ते बरंच झालं, असं म्हणाल तुम्ही. म्हणू नका. ते तिचं कर्तृत्व होतं, त्यात माझा काही हात नव्हता.

तर ही कादंबरी. निवृत्त झाल्यावर लिहायला घेतली. तीन प्रकरणं भराभर झाली. चौथ्याशी अडले. मूळ कथेत नायक नकार देतो कारण त्याचं दुसरीवर प्रेम असतं. पण मला ते पुरेना. माझ्या कुमुदला त्याच्यानंतरही नकार येत राहायला हवे होते, आणि त्याला कारण हवं होतं. कुणीतरी काहीतरी बोललेलं हवं होतं. ते वाक्य तर माझ्याकडे तयारच होतं. चांगलं वाक्य होतं, अपुरं, टोचणारं. लिहिणाऱ्याला असं वाक्य सोडवत नाही. आणि होतं कुणाचं? माझंच की.

फक्त ते मैत्रिणीच्या तोंडी घालायची माझी हिंमत झाली नाही. कादंबरीत मैत्रीण आहे, तुम्हाला आवडते ती. कुमुदचे डोळे पुसणारी, शहाणी, चष्मा लावणारी. ते वाक्य मी कुमुदच्या काकूच्या तोंडी घातलं. फुकटची मोलकरीण हातची जाईल म्हणून पुतणीचं लग्न मोडणारी काकू. जिभेला धार, पहाटे उठवून कामाला लावणारी. मालतीकाकूंचं रूप, त्यांचं बोलणं, पदर खोचायची लकबसुद्धा उचलली. फक्त भात सोडल्याचं तेवढं घेतलं नाही. ते घेतलं असतं तर काकू दुष्ट झाली नसती ना.

आणि तुम्हाला काय आवडली ती काकू! म्हणून म्हटलं, तुमचा राग येतो. एकालाही शंका आली नाही. अनाथ पोर, घरात काकू, म्हटल्यावर दुसरं कोण असणार? तुम्ही आधीच ठरवून बसला होतात, मी फक्त नाव दिलं. चष्मेवाल्या मैत्रिणीकडे एकानं तरी संशयानं बघायचं होतं. कुणीही बघितलं नाही.

नंदा वाचेल, असं मला वाटलं नव्हतं. तिनं शाळा सुटल्यावर पुस्तकाला हात लावलेला नव्हता. पण तिच्या सुनेनं आणून दिलं — तुमच्या मैत्रिणीचं आहे म्हणून. ठाण्याला एका वाचनालयात माझा सत्कार होता, तिथे ती आली. खडवलीहून एकटी. कार्यक्रम संपल्यावर गर्दी ओसरेपर्यंत खुर्चीत बसून राहिली. मग जवळ आली. रडत नव्हती. चेहरा नुसता दगडासारखा.

"ते वाक्य तेच आहे ना गं? मध्यस्थानं सांगितलेलं?"

मी शाल सावरली.

"तू तेव्हा तिथेच होतीस. तुला माहीत असणार. काकूच ना?"

केवढीशी गोष्ट होती! नाही म्हणायचं. काकू नव्हती, असं फक्त म्हणायचं. मी बोलले हे कबूल करायचं नव्हतं तर नव्हतं, पण काकू नव्हती एवढं तरी! शाल अजून माझ्या खांद्यावर होती, हातात नारळ. आणि मी काय म्हणाले माहीत आहे?

मी म्हणाले, "अगं, कादंबरी आहे ती. पण — जाऊ दे, मी कशाला बोलू?"

शपथेवर सांगते, मी ठरवून नाही म्हणाले. ते आपोआप आलं. तोंडाला वळण पडलेलं असतं. नंदानं माझा हात दाबला, म्हणाली, "कळलं. तू तरी दुसरं काय म्हणणार." आणि ती गेली. मी नारळ घेऊन रिक्षानं घरी आले.

त्यानंतर नंदा काकूंकडे गेली नाही.

काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, काकू त्याच घरात एकट्या. मी डोंबिवलीतच राहते, त्यामुळे माझं जाणं-येणं असायचं. काकू म्हाताऱ्या होऊन मऊ पडल्या होत्या. त्यांना कळेना, नंदाला झालंय काय. फोन केला तर उचलत नाही. सून उचलते आणि म्हणते, आई बाहेर गेल्यात. एकदा काकू शेजारच्या मुलाला घेऊन खडवलीला जाऊन आल्या. नंदानं चहा दिला, पुढ्यात बसली, आणि एक शब्द बोलली नाही. परत आल्यावर मला म्हणाल्या, "शैला, तुझं ऐकते ती. विचार ना तिला, माझं काय चुकलं? चुकलं असेल गं, माझी जीभ वाईट. पण काय ते तर कळू दे."

विचारते म्हटलं. विचारायचं काय होतं?

आणि एक दिवस काकूंनी ते पुस्तक काढलं. मीच दिलेलं, सही करून. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणाल्या, "तूच वाचून दाखव. आमच्या गॅलरीतली पोरगी लेखिका झाली, मला कळू तरी दे काय लिहिलंस."

मी वाचलं. रोज संध्याकाळी थोडं थोडं. चौथं प्रकरण गाळलं. पुढे जिथे जिथे काकू येते ते सगळं गाळलं, नजर पुढच्या परिच्छेदावर ठेवून, आवाज न अडखळता. शिक्षिका होते, मोठ्यानं वाचायची सवय आहे. काकू भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायच्या. संपलं तेव्हा म्हणाल्या, "छान लिहितेस गं बाई. फक्त त्या पोरीला सारखा नकार का येत होता, ते काही कळलं नाही."

म्हटलं, "मूळ पुस्तकातही नीट कळत नाही काकू."

"आमच्या नंदीसारखंच झालं. तिचंही कधी कळलं नाही." मग म्हणाल्या, "जेवून जा. आमटीभात आहे."

मी जेवून गेले.

काकू गेल्या त्या झोपेतच. भाच्यानं सगळं केलं. नंदाला कळवलं होतं. ती आली नाही. दहाव्याला आम्ही कल्याणच्या खाडीकाठी गेलो, दहा-बारा माणसं, त्यात मी. पिंड मांडले. कावळे होते, समोरच्या झाडावर ओळीनं बसलेले. एकही खाली येईना. तुम्हाला माहीत असेल, अशा वेळी घरचे लोक मोठ्यानं सांगतात — गेलेल्याच्या मनात काही राहिलं असेल तर आम्ही बघू म्हणून. भाचा म्हणाला, "मामी, तुमची तुळस आम्ही नेऊ." कावळा येईना. कुणी म्हणालं, घराचं काही असेल. घराचंही सांगून झालं. मग भाच्याची बायको हळूच म्हणाली, "नंदाताईंचंच असणार." नंदाला फोन लावला. उचलला नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "शैलाताई, तुम्ही बोला. तुम्ही नंदाताईंच्या मैत्रीण. तुम्हाला माहीत असेल, काकूंच्या मनात काय होतं."

मला माहीत होतं. त्यांना विचारायचं होतं, माझं काय चुकलं. आणि उत्तर त्या खाडीकाठी एकट्या माझ्याकडे होतं. ते मोठ्यानं म्हणायचं होतं, बस. मेलेल्या बाईला सांगायचं होतं, ती तर कुणाला सांगायला जाणार नव्हती. पण दहा माणसं उभी होती ना. त्यातल्या दोघांनी माझी कादंबरी वाचलेली होती. मी हात जोडले आणि म्हणाले, "काकू, नंदाची मी काळजी घेईन."

तेव्हाही मी तेच केलं. बोलल्यासारखं केलं आणि बोलले नाही.

कावळा आला नाही. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी घाईघाईनं निघाली. मी वळून बघितलं नाही. भाताचे ते पिंड, आणि ती बाई — पुढचं तुम्ही जोडा. तुम्हाला जोडायला आवडतं.

मग आता का सांगतेय? सदसद्विवेक वगैरे काही जागा झालेला नाही. कल्याणची काही हौशी मंडळी माझ्या कादंबरीवर नाटक बसवतायत. काकूचं काम करणाऱ्या मुलीचा मागच्या आठवड्यात फोन आला. हुशार आहे, शीळफाट्याला कुठेतरी नोकरी करून तालमीला येते. म्हणाली, "मॅडम, ते वाक्य बोलताना माझं काहीतरी चुकतंय. मी दुष्ट दिसते, पण खरी नाही वाटत. तिच्या मनात तेव्हा नक्की काय चालू असतं?"

मी सांगायला लागले. म्हटलं, दुष्ट चेहरा करूच नकोस. ती हातातलं काम करत राहते. 'लाखात एक' हे मनापासून म्हणते, कारण ते खरंच आहे आणि तेच तिला सलतं. 'पण' म्हणताना तिला स्वतःलाही माहीत नसतं पुढे काय म्हणणार आहे. मग समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं, ते तिला दिसतं आणि तिला कळतं, पुढे काही म्हणायची गरजच नाही. तिथे थांब. आत बरं वाटतं तिला. हलकं, गार वाटतं. नंतर तिला भूक लागते. त्या दिवशी ती रोजच्यापेक्षा जास्त जेवते.

मी बोलतच राहिले, फोन गरम झाला. पलीकडे ती मुलगी लिहून घेत असावी. शेवटी म्हणाली, "बाप रे मॅडम! कादंबरीत यातलं काहीच नाहीये. तुम्हाला कसं माहीत हे सगळं?"

मी फोन ठेवला आणि हे लिहायला बसले.

नंदा अजून दर पंधरवड्याला भाजी पाठवते. तिचा मुलगा आणून देतो. वालाच्या शेंगा, पडवळ, जे असेल ते. मी करते आणि खाते. फोनवर कधीतरी म्हणते, तू नसतीस तर मला कधीच कळलं नसतं, शैला. आता ती माझं छापून आलेलं सगळं वाचते, सून आणून देते तिला. हेही वाचेल.

नंदा, 'पण'च्या पुढे काही नव्हतं. तुझ्यात काही नव्हतं. मावशी आल्या त्या दुपारी काकू घरात झोपलेल्या होत्या. गॅलरीत मी होते. काकूंनी तुझ्यासाठी भात सोडला होता, पित्तासाठी नाही. शेवटपर्यंत त्या मला विचारत होत्या, माझं काय चुकलं, आणि मला माहीत होतं. मी त्यांच्या घरी बसून त्यांचा आमटीभात खाल्ला.